विझलेल्या काजव्यांची नळी

१

पाहुण्यांसमोर पडदा काळाच राहिला. सरांनी घसा खाकरला, बुवाने लेझरची बटणं पुन्हा एकदा चाचपली, त्याची सहकारी टाचणी हिने ओठ चावला. पण काळ्याचं काळंच. त्या पडद्यावर जिवंत पेशीतल्या एका प्रथिनाचं जाळं धागा न् धागा उमटायचं होतं. प्रयोगशाळा चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवणारी समिती पहिल्या रांगेत चहाचे कप सावरत बसली होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, होतं असं कधीकधी." अध्यक्ष असं म्हणाले की समजावं, काही ठीक नाही.

रांगेच्या टोकाला भिंगबाई बसल्या होत्या. सारा जन्म सूक्ष्मदर्शकात डोळा घालून काढलेल्या, आता निवृत्त. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि त्यांनी ते हौसेने मिरवलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. साठीला टेकले तरी बाईंच्या लेखी ते अजून 'बाळ'च होते.

भावाची फजिती बघवेना म्हणून बाई उठल्या. त्यांनी नळीतला थेंब काचेवर घेतला, लेझरखाली धरला आणि कॅमेऱ्यात पाहिलं. एक ठिपका नाही.

"यात काजवेच नाहीत," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हे नुसतं मिठाचं पाणी आहे. माल कोणीतरी काढून घेतलाय. ही चोरी आहे."

काजवे हे प्रयोगशाळेतलं लाडकं नाव. खरी वस्तू म्हणजे पेप्टाइडचा, छोट्याशा प्रथिनसाखळीचा, एक इवलासा तुकडा आणि त्याच्या शेपटीला बांधलेला चमकणारा रंग. तो पेशीतल्या नेमक्या प्रथिनाला क्षणभर चिकटतो, लुकलुकतो, सुटून जातो. अशा हजारो लुकलुकींच्या जागा टिपल्या की साधा सूक्ष्मदर्शक जिथे हात टेकतो तिथलंही चित्र मिळतं. पूर्वी हेच काम प्रतिपिंडांकडून करून घेत. पण ती धटिंगण, त्यांच्या अंगावरचा दिवा प्रथिनापासून बराच दूर लागायचा. काजवा अगदी खेटून बसतो. हा काजवा घडवायला टाचणी आणि बुवा यांची कित्येक वर्षं गेली होती.

फ्रीजरमधल्या उरलेल्या नळ्या काढल्या. त्यांतही तेच पाणी. ज्या मूळ नळीतून त्या भरल्या होत्या, ती तर जागेवरच नव्हती.

"या नळ्या कोणी भरल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

टाचणी म्हणाली, "मी."

सरांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग मान खाली घातली, आणि त्या दिवशी ती पुन्हा वर केली नाही.

२

फ्रीजरला तीन किल्ल्या. एक सरांकडे, एक बुवाकडे, एक टाचणीकडे. तिची त्याच संध्याकाळी काढून घेण्यात आली. शुक्रवारी समिती बसणार होती आणि बाईंचा अहवाल आला की मुलीला प्रबंधासकट घरी पाठवणार होती. सख्खी बहीण असली तरी भिंगबाई कोणाची भीड ठेवत नाहीत असा त्यांचा लौकिक होता, म्हणून चौकशी त्यांच्याकडेच दिली.

"काय शोधायचंय त्यात, ताई?" सर म्हणाले. "नदीपलीकडची प्रयोगशाळा आपल्या काजव्यावर टपून आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगी धडधडीत खोटं बोलतेय. तू लिहून मोकळी हो."

"खोटं बोलतेय कशावरून?"

सर गडबडले. "म्हणजे... दिसतंच की."

बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्या कामाला लागल्या. फ्रीजरमधली एक नळी काढून वितळू दिली. झाकणावर चिकटपट्टी होती. ती बोट लावताच अलगद निघाली. बाईंनी नळीला टिचकी मारली. पाणी हललं, स्वच्छ, फेसाचा एक बुडबुडा नाही. त्यांना कुठेतरी खटकलं, पण काय खटकलं ते सांगता येईना.

मग बुवाला बोलावलं. हा टाचणीचा सहकारी. एक वाक्य बोलायला इतका वेळ घ्यायचा की समोरच्याने मधे डुलकी काढावी.

"टाचणी," बुवा म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाई थांबल्या. "चोरी करणार नाही."

"पण नळ्या तिनेच भरल्या, ती स्वतः म्हणतेय."

बुवाने बराच वेळ चष्मा पुसला. त्याचे कान लाल झाले होते.

"तेच तर, बाई. मला वाटलं होतं मी गप्प बसावं. नळ्या भरल्या गेल्या सोमवारी. मी दिवसभर पलीकडच्या इमारतीत सूक्ष्मदर्शकावर होतो. आणि सोमवारी टाचणी आजारी म्हणून कामावर आलीच नव्हती."

३

न आलेल्या मुलीने नळ्या भरल्या कशा?

बाई तळमजल्यावरच्या कोठीत गेल्या. तिथे मामांचं राज्य. हातमोजे, काचपट्ट्या, नळ्या, सगळं मामांच्या हातून जायचं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक टोमणा फुकट मिळायचा.

"या या, फौजदारबाई," मामा म्हणाले. "मला कधी अटक करताय?"

"आधी साक्ष द्या. सोमवारी टाचणी दिसली होती?"

मामांचा चेहरा उतरला. "दिसली होती. पुलाच्या स्टॉपवर. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून. मी हाक मारली तर पोरीने ओळख दाखवली नाही. बसमध्ये चढली आणि गेली पलीकडे."

"हे समितीला सांगितलंत?"

"सरांना सांगितलं." मामांनी डोळे चोळले. "सांगायला नको होतं, बाई. चहा पिता पिता बोलून गेलो. माणसाच्या जिभेला हाड नसतं."

बाईंनी विषय बदलला. "नळ्या कुठून नेल्या?"

"त्याच दिवशी मी जेवायला गेलो आणि आलो तर साध्या नळ्यांचं पाकीट कोणीतरी फोडलेलं. वर पुन्हा नीट बंदही केलेलं. आमची पोरं पाकीट फोडतात ती कुत्र्यासारखी. हा कोण सभ्य चोर, तेव्हाच मनात आलं."

बाईंनी पाकीट पाहायला घेतलं. पट्टी चटकन निघाली. आतल्या नळ्या साध्याच होत्या, त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पाकीट बंद केलं, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

मुलगी त्या दिवशी शत्रूच्या दारात होती. खटला निकालात निघाल्यासारखाच होता. आणि तरी बाईंना बरं वाटेना, कारण नदीपलीकडे बसलेला माणूस इथे नळ्या भरू शकत नाही.

४

टाचणी एका खोलीच्या घरात राहायची. खुर्ची एकच, ती तिने बाईंना दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. काटकुळी, टोकदार बोलणारी, म्हणून टाचणी. आज टोक मोडलेलं होतं.

"मुलाखतीला गेले होते," तिने आपण होऊन सांगितलं. "इथली माझी मुदत संपत आलीय. पण सरांना सांगायला तोंड नव्हतं. त्यांनी मला पोटच्या मुलीसारखं वागवलं, बाई. मी आजारी आहे म्हणून कळवलं आणि चोरासारखी गेले. आल्यावर पाहिलं तर नळ्या भरलेल्या. लेबलं मी आधीच चिकटवून ठेवली होती. मला वाटलं, बुवाने माझी बाजू सांभाळली. त्याला मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर कुठे होतीस ते सांगावं लागलं असतं."

"म्हणून सगळ्यांसमोर 'मी' म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तोच होता ना." ती हसली, पण डोळे भरून आले. "त्यांनी मला घेतलं होतं, बाई. नदीपलीकडच्यांनी. परवा सरांनी त्यांना फोन केला. काल त्यांचा निरोप आला, चोरीचा आळ असलेली व्यक्ती नको."

बाईंना खुर्ची टोचू लागली. आळ हा शब्द मुलीच्या तोंडून आला. पण चोरी हा शब्द त्या दिवशी पाहुण्यांसमोर पहिल्यांदा कोणी सोडला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

विषय टाळावा म्हणून त्या म्हणाल्या, "नळीला टिचकी मारली तरी फेस येत नव्हता. ते मला खटकलं."

टाचणीने झटकन वर पाहिलं. "फेस येत नव्हता? पण आम्ही भर घालतो. दुसरं एक स्वस्तातलं प्रथिन. आधी ते नळीत फिरवायचं, मग काजवे सोडायचे. त्याने फेस येतोच."

"भर कशासाठी?"

"काजवे लोचट आहेत, बाई. आणि आम्ही ते इतके पातळ करून वापरतो की..." ती मधेच थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

बाई उठून उभ्या राहिल्या.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "आपण दोघी नळी बघायला जाऊ. पाणी नव्हे. नळी."

५

बुवाने दार उघडून दिलं. टाचणीला त्या खोलीत पाय ठेवायची बंदी होती. बाई म्हणाल्या, बंदीचं मी बघते.

त्यांनी एक नळी उघडली आणि आतलं पाणी ओतून टाकलं. त्याच पाण्याला त्या भरल्या सभेत चोरीचा पुरावा म्हणाल्या होत्या. मग रिकामी नळी धारदार पात्याने उभी चिरली. एक तुकडा पाणी जिथवर होतं तिथला, एक त्याच्या वरचा कोरडा. आधी कोरडा तुकडा लेझरखाली ठेवला. पडदा काळा. मग दुसरा ठेवला.

पडदा पेटला. ठिपक्याला ठिपका लागून सगळी भिंत उजळली.

कोणी काहीच चोरलं नव्हतं. काजवे नळीतच होते, भिंतीला चिकटून. पाणी काढून तपासणाऱ्याला ते जन्मात सापडले नसते. आणि पाणी कोणी तपासलं होतं? जिला लोक भिंगबाई म्हणतात तिने. एकच थेंब पाहिला, आणि रिकामी नळी बघायचं तिला सुचलं नाही. बाईंना आपल्या त्या खणखणीत आवाजाची शिसारी आली. ते वाक्य म्हणताना आपल्याला किती बरं वाटलं होतं, हे आठवून त्यांचे कान तापले.

"म्हणजे ज्याने भरल्या त्याने भर घातली नाही, भिंत काजव्यांना मोकळीच मिळाली," बुवा म्हणाला. या वेळी त्याला वेळ लागला नाही. "मी घातली असती. टाचणीनेही."

"हो," बाई म्हणाल्या. "हा माणूस प्रतिपिंडांच्या काळातला. ती बाटलीतून येतानाच भर घालून येतात. आपण पातळ करायची की झालं. नुसतं पेप्टाइड हातात धरायची त्याला सवय नाही."

बोलता बोलता त्यांनी दुसरी नळी हातात घेतली आणि पट्टीला बोट लावलं. ती अलगद सुटली. का सुटली, हे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. पुढच्या नळीचंही. त्याच्या पुढच्याचंही. कोठीतल्या पाकिटाचंही तसंच होतं, आणि ते बंद करताना बाईंच्या अंगठ्याने टोक पुन्हा दुमडलं होतं, नकळत.

लहानपणी आई दोघा भावंडांकडून डब्यांना पट्ट्या लावून घ्यायची. टोक दुमडा रे, पुढच्याला नखं लावायला नकोत. बाई ते अजून करत होत्या. इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसऱ्याने केलेलं त्यांना दिसलंच नाही.

"बाई, कोण आहे?" टाचणीने विचारलं.

बाईंनी चिरलेली नळी आणि सुटलेली पट्टी उचलली आणि दाराकडे वळल्या.

६

भाऊ आपल्या कचेरीत बसला होता. बाईंनी चिरलेली नळी आणि निघालेली पट्टी त्याच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्याने पट्टी उचलली, दुमडलेलं टोक बोटांत धरलं आणि खाली ठेवलं.

"मला फार वर्षांनी हात चालवावासा वाटला, ताई," तो म्हणाला. "पोरांची सोय होईल म्हटलं. सगळी मूळ नळी पातळ करून ठेवली आणि रिकामी झाली म्हणून टाकून दिली. भरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ती चूक झाली. चूक मीही केली. मी ते विचारत नाही, बाळ. ती 'मी' म्हणाली तेव्हा ती खोटं बोलतेय हे त्या खोलीत एकट्या तुला माहीत होतं. तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, भरलेल्या नळ्या तिने नंतर बदलल्या आणि पांघरूण घालतेय. आणि मामा म्हणाले, ती नदीपलीकडे गेली होती. मला फार लागलं गं."

"हे झालं तुझं वाटणं. बोलला का नाहीस?"

भावाने चेहरा हातांत लपवला. "समिती बसली होती. शेवटचा हात माझा होता म्हटलं असतं तर... मी एवढा मोठा माणूस..."

मग हळूच म्हणाला, "अहवालात नाव कशाला घालतेस? लिही की, पेप्टाइड नळीला चिकटल्यामुळे वाया गेलं. खरंच आहे ते. मुलगी सुटेल. तुझाही शब्द खाली पडणार नाही."

बाईंना लाज याची वाटली, की हे ऐकून त्यांना क्षणभर सुटल्यासारखं झालं. असा अहवाल लिहिला तर चोरी कोणी म्हटलं होतं, हेही कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी पट्टी उचलून पर्समध्ये टाकली आणि उत्तर न देता बाहेर पडल्या.

७

शुक्रवारी समिती बसली. भिंगबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"आधी माझं," त्या म्हणाल्या. "मी एक थेंब पाहिला आणि चोरी म्हणाले. चोरी झालीच नव्हती. माझ्या तोंडातून तो शब्द निघाला नसता तर ही मुलगी आज इथे मान खाली घालून बसली नसती. मला माझी लाज वाटते."

मग त्यांनी नळीच्या दोन्ही तुकड्यांची चित्रं पडद्यावर लावली, काळं आणि उजळलेलं. काजवे का चिकटले ते समजावलं.

"पण नळ्या भरल्या कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई भावाकडे पाहत राहिल्या. अखेर सर उठले.

"मी," ते म्हणाले. "आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

टाचणीने डोळे मिटून घेतले. ओरडावं, भांडावं असं तिला काही वाटलं नसावं. जणू आपणच कुठेतरी उघडे पडलो अशी ती आकसून बसली. तिची त्यात काय चूक होती? पण लाज अशीच असते, जिचा काही संबंध नाही तिच्याही अंगावर येते.

समितीने तिचं नाव मोकळं केलं. प्रयोगशाळेचं पुढच्या बैठकीवर टाकलं. ते गेल्यावर बाई भावाला म्हणाल्या, "आता फोन."

सरांनी नदीपलीकडचा नंबर फिरवला. टाचणी दारात उभी होती. "नमस्कार, त्या मुलीबद्दल मी बोललो होतो... तो जरा गैरसमज झाला होता..."

बाईंनी बोट दाबून फोन तोडला.

"कोणाचा गैरसमज? पुन्हा लाव."

साठीचा माणूस लहान मुलासारखा रडवेला झाला. पण त्याने पुन्हा लावला. "मघाचा फोन मीच केला होता," तो म्हणाला. "नळ्या मी भरल्या होत्या. तिने भरल्या नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी तुमच्यापाशी तिला चोर म्हणालो. ती चोर नाही." मग त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. टाचणीकडे न बघता म्हणाला, "त्यांनी ती जागा काल भरली."

टाचणी आत आली आणि तिने हात पुढे केला.

"माझी किल्ली."

सरांनी खण उघडून तिची किल्ली टेबलावर ठेवली. मग खिशातून स्वतःची काढून तिच्याशेजारी ठेवली. टाचणीने आपली तेवढी उचलली.

"नवा काजवा बांधायला सुरुवात करायची आहे, सर," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून." मग ती बाईंकडे वळली. "बाई, एक विचारू? त्या दिवशी मी कोणाचं काही घेईन असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

भिंगबाईंनी उत्तर शोधलं. खरं उत्तर असं होतं, की त्या वाक्याच्या वेळी ही मुलगी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

"मी तुझ्याकडे पाहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

टाचणीने मान हलवली आणि फ्रीजर उघडायला गेली.